पावसाळ्यात घरातील वृद्धांचे मनोरंजन

पुनर्वसू नक्षत्राच्या पावसाला आपण तरणा पाऊस म्हणतो आणि त्यानंतर २० जुलैच्या सुमारास लागणाऱ्या पुष्य नक्षत्राच्या पावसाला म्हातारा पाऊस म्हणतो. हे दोन्ही पाऊस कोसळत असतात तेव्हा कोकणात आणि घाटमाथ्यावर भाताची लावणी ऐन भरात असते. घरातील धडधाकट माणसे सकाळी इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेऊन चिखलात उतरतात ती दिवस मावळताना परततात. मुले शाळेत जातात. घरात उरतात ती म्हातारी माणसे. उन्हाळ्यात हीच माणसे अंगणात बसतात, शेजारी जाऊन येतात, काजूच्या बिया वेचतात, वाळवण राखतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मात्र अंगण शेवाळलेले, पायवाट निसरडी, वीज गेलेली आणि बोलायला कोणी नाही, अशी त्यांची अवस्था होते.

पावसाळा येण्यापूर्वी आपण जळाऊ लाकूड, गुरांचा पेंढा, मीठ-मिरची, सुकी मासळी या सर्वांची बेगमी करतो. घरातील आई-वडिलांचे चार महिने कसे जातील, याची बेगमी मात्र सहसा कोणी करीत नाही. ती कशी करावी, त्यासाठी घरच्या घरी काय साधने लागतात आणि कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे. ही माहिती मुख्यतः कोकणातील घर डोळ्यांसमोर ठेवून दिली असली, तरी इतर भागांतील शेतकऱ्यांनाही थोडा फेरबदल करून तिचा उपयोग करता येईल.

मनोरंजनाची गरज कशासाठी?

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के इतकी होती. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहून जास्त, जवळजवळ दहा टक्के होते. ज्या गावांतील तरुण नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेले आहेत, तेथे तर घरटी एखादे तरी वृद्ध माणूस आढळते.

वृद्धापकाळी शरीराचा वापर थांबला की ताकद फार लवकर कमी होते. विशेषतः मांड्यांचे स्नायू बसून किंवा झोपून राहिल्याने अशक्त होतात. मे महिन्यात स्वतःच्या पायाने देवळापर्यंत जाणारे आजोबा दसऱ्याला उंबरठा ओलांडताना आधार मागतात, असा अनुभव पुष्कळ घरांतून येतो. आपण त्याला वयाचा दोष देतो. प्रत्यक्षात त्यात चार महिने खाटेवर बसून राहिल्याचाही मोठा वाटा असतो. पाय अशक्त झाले की तोल जातो, तोल गेला की माणूस पडते आणि खुब्याचे हाड मोडले की सारे घरच अडचणीत येते.

मनाचेही तसेच आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणे सांगितली. त्यांत एकटेपणा, शारीरिक हालचालींचा अभाव, कमी ऐकू येणे आणि उपचार न केलेला दृष्टिदोष यांचा समावेश आहे. ही चारही कारणे पावसाळ्यात एकाच खाटेवर एकत्र येतात. म्हणून वृद्धांची करमणूक ही चैनीची बाब न समजता ती त्यांच्या औषधपाण्याइतकीच आवश्यक समजावी.

करमणूक निवडताना

केवळ दूरचित्रवाणी संच लावून दिला म्हणजे करमणुकीची सोय झाली, असे समजू नये. चांगल्या करमणुकीत शरीराची थोडीतरी हालचाल व्हावी, डोक्याला चालना मिळावी आणि दुसऱ्या माणसाशी बोलणे व्हावे. या तीनपैकी निदान दोन गोष्टी साधतील असे पाहावे.

सर्वांत प्रथम त्यांना काय आवडते ते विचारावे. आयुष्यभर नांगर धरलेल्या माणसाला रंगीत कागदाची फुले करावीशी वाटतीलच असे नाही. ज्या सासूबाईंनी पन्नास वर्षे स्वयंपाकघर सांभाळले, त्यांना कदाचित आता तिथले काम नकोसे झाले असेल आणि पत्ते खेळावेसे वाटत असतील. लहान मुलाला समजावतो तसे त्यांना समजावू नये. “आबा, जरा मला हे शिकवा” असे म्हटल्यास ते आनंदाने पुढे येतात. “बसल्या बसल्या एवढे तरी करा” असे म्हटल्यास मन दुखावते आणि माणूस भिंतीकडे तोंड करून झोपते.

जागा आणि उजेड

ओटी किंवा पडवी ही बैठकीसाठी उत्तम जागा होय. तेथे उजेड असतो, जाणारे-येणारे दिसतात आणि दोन शब्द बोलता येतात. मात्र पावसाची झड येत असल्यास त्या बाजूला ताडपत्री बांधावी. जमिनीवर बसणे-उठणे जड जात असल्यास हात असलेली, न डगमगणारी खुर्ची द्यावी. खेळाचा पट उंच पाटावर किंवा स्टुलावर मांडावा, म्हणजे मान वाकवून बसावे लागत नाही.

ओटीपासून न्हाणीघर व शौचालयापर्यंतची वाट कोरडी ठेवावी. शेवाळ असल्यास ब्लिचिंग पावडर टाकून, घासून धुवावे. गुळगुळीत गोणपाटाच्या घड्या, सैल चटया वाटेत टाकू नयेत. त्यांत पाय अडकतो. भिंतीला हात धरण्यासाठी बांबू पक्का बांधल्यास खर्च नाममात्र येतो आणि उपयोग मोठा होतो. हाताशी विजेरी व काठी ठेवावी.

१. बसल्या जागी हालचाल

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. त्याशिवाय ताकद आणि तोल सांभाळणारे प्रकार आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावेत. शेतावर जाणे बंद झाले तरी हे घरातही साधता येते. पुढील प्रकार सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकी ८ ते १० वेळा करावेत.

(अ) खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्यावर बसून हळूहळू उभे राहावे आणि हळूहळू खाली बसावे. सुरुवातीस हातांचा आधार घ्यावा. मांड्यांच्या ताकदीसाठी याहून सोपा आणि चांगला प्रकार नाही.

(आ) पडवीतील खांब दोन्ही हातांनी धरून टाचा उचलाव्यात, क्षणभर थांबून खाली टेकवाव्यात.

(इ) खांब धरूनच एक पाय किंचित उचलून मनात दहा अंक मोजावेत. नंतर दुसरा पाय उचलावा. यामुळे तोल सुधारतो.

(ई) बसून पावले घोट्यातून गोल फिरवावीत, गुडघा सरळ करून पाय पुढे ताणावा.

(उ) जुन्या धोतराचा किंवा साडीच्या चिंध्यांचा घट्ट चेंडू करून तो मुठीत दाबावा. पकड सुधारते.

घरातल्या घरात येरझाऱ्या घालणे हाही व्यायामच आहे. ओटीपासून माजघरापर्यंत वीस फेऱ्या झाल्या की एक चिंचोका वाटीत टाकावा. संध्याकाळी नातवंडांनी चिंचोके मोजावेत. छातीत दुखणे, घेरी येणे किंवा दम लागणे असे काही झाल्यास लगेच थांबावे. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा सांध्यांचा तीव्र आजार असल्यास डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

२. पटावरचे खेळ

बैठे खेळ आपल्याकडे फार जुने आहेत. महाराष्ट्रातील अनेक लेण्यांच्या आणि जुन्या मंदिरांच्या फरशीवर असे पट कोरलेले आजही दिसतात. ते खेळण्यासाठी बाजारातून काही आणावे लागत नाही.

चल्लस-आठ : जमिनीवर खडूने किंवा पुठ्ठ्यावर कोळशाने पाच आडव्या व पाच उभ्या, अशा २५ घरांचा चौकोन आखावा. चारही बाजूंच्या मधल्या घरावर आणि अगदी मधल्या घरावर फुली मारावी. दोन ते चार जण आपापल्या बाजूला बसतात. प्रत्येकाकडे चार सोंगट्या असतात. फासे म्हणून चार चिंचोके घ्यावेत आणि ते एका बाजूने दगडावर घासून पांढरे करावेत. चिंचोके टाकल्यावर जितके पांढरे वर पडतील तितके दान. चारही पांढरे पडल्यास चार आणि एकही पांढरा न पडल्यास आठ. चार किंवा आठ पडल्यास पुन्हा खेळायला मिळते. सोंगटी आपल्या फुलीच्या घरातून निघून बाहेरच्या सोळा घरांतून फिरते, नंतर आतल्या आठ घरांतून उलट्या दिशेने जाते आणि शेवटी मधल्या घरात पोहोचते. फुली नसलेल्या घरात दुसऱ्याची सोंगटी असताना आपली तेथे पोहोचली, तर त्याची सोंगटी मरते व तिला पुन्हा सुरुवातीपासून निघावे लागते. गावोगाव नियमांत थोडा फरक आहे. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी सांगतील तो नियम प्रमाण मानावा.

नवकंकरी : हा दोघांचा खेळ आहे. एकात एक असे तीन चौकोन काढून त्यांच्या बाजूंचे मध्य रेघेने जोडावेत. कोपरे आणि मध्य मिळून २४ ठिकाणे होतात. एकाने नऊ चिंचोके व दुसऱ्याने नऊ पांढरे वाल घ्यावेत. पाळीपाळीने एकेक सोंगटी रिकाम्या ठिकाणी ठेवावी. एका रेघेवर आपल्या तीन सोंगट्या ओळीत आल्या की दुसऱ्याची एक सोंगटी उचलता येते. सर्व सोंगट्या मांडून झाल्यावर त्या रेघेवरून शेजारच्या रिकाम्या ठिकाणी सरकवाव्यात. ज्याच्याकडे दोनच उरतील तो हरला. या खेळात दैवाचा भाग नसल्याने डोक्याला चांगली चालना मिळते.

पत्ते : पाच-तीन-दोन, बदाम सात, मेंढीकोट, झब्बू हे खेळ बहुतेकांना येतात. पाने लक्षात ठेवणे, हिशेब ठेवणे आणि भिडूच्या मनातले ओळखणे, हे सर्व त्यात येते. मोठ्या अक्षरांचे पत्ते मिळाल्यास घ्यावेत. पैसे लावून मात्र कदापि खेळू नये. त्यामुळे खेळाचा आनंद जातो आणि घरात भांडणे होतात.

याशिवाय बुद्धिबळ, सारीपाट, कॅरम हे खेळ आहेतच. आजींची बोटे चांगली चालत असतील तर नातीबरोबर सागरगोटे अवश्य खेळावेत. उडते सागरगोटे झेलताना डोळा आणि हात यांचा मेळ राहतो. नातवंडांनी वृद्धांना मुद्दाम जिंकू देऊ नये. ते त्यांच्या लगेच लक्षात येते आणि त्यांना ते आवडत नाही.

३. हाताला काम

आयुष्यभर राबलेल्या माणसाला नुसते बसून राहण्याचा जाच होतो. आपण घराच्या उपयोगी पडतो, ही भावना त्याला उभारी देते. पावसाळ्यात बसून करण्यासारखी कामे पुष्कळ आहेत.

गोधडी : जुन्या लुगड्यांची गोधडी शिवण्यास पावसाळ्यासारखा वेळ नाही. दृष्टी कमी असल्यास सुईत दोरा ओवणे हेच मोठे संकट असते. त्यासाठी मुलांनी शाळेत जाण्यापूर्वी दहा सुया ओवून एका कापडाला टोचून ठेवाव्यात. पांढऱ्या कापडावर गडद दोरा वापरल्यास टाके नीट दिसतात.

वाती : चातुर्मासात कापसाच्या वाती वळण्याची प्रथा आहे. बोटांच्या सांध्यांना हा सौम्य व्यायाम होतो. डोळ्यांनी अजिबात दिसत नसलेल्या आजीही केवळ स्पर्शाने सुरेख वाती वळतात.

निवडणे आणि सोलणे : मोड आलेले वाल सोलणे, फणसाच्या आठळा सोलणे, कुळीथ निवडणे ही कामे चार जणांनी गोल बसून केल्यास गप्पांची बैठकच होते. पावसाळ्यात येणाऱ्या टाकळा, भारंगी, फोडशी, कुरडू, शेवळे या रानभाज्यांची ओळख वृद्धांनाच अधिक असते. भाजी निवडताना ती कशी ओळखावी, शेवळ्याची खाज घालविण्यासाठी काकडे किंवा चिंच का घालावी, हे त्यांनी सुनेला व नातवंडांना सांगावे. मात्र नजर अधू असल्यास शेवटची खात्री दुसऱ्या जाणत्या माणसाने करावी. शंका आल्यास ती भाजी खाऊ नये.

हीर काढणे : नारळाच्या झावळ्यांचे हीर काढून खराटे बांधण्याचे काम पुरुषांना आवडते. हात थरथरत असल्यास कोयता-सुरी देऊ नये. सोललेले हीर जुळवून बांधण्याचे काम द्यावे.

बियाणे : पडवळ, दोडका, कारली, भेंडी यांच्या बियाण्यासाठी ठेवलेल्या फळांवर लक्ष ठेवणे, पक्व झाल्यावर बी काढून घेणे, सावलीत सुकविणे आणि पुडीवर नाव व तारीख घालणे ही जबाबदारी आजी-आजोबांकडे सोपवावी.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही कामे करमणुकीसाठी आहेत. “एवढे वाल दुपारपर्यंत सोलून झालेच पाहिजेत” अशी सक्ती केली की करमणूक संपली आणि मजुरी सुरू झाली. काम अर्धे राहिले तर राहू द्यावे.

४. पोथी, ओव्या आणि आठवणी

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात घरोघरी पोथी लावण्याची पद्धत आहे. तिचा करमणुकीच्या दृष्टीनेही चांगला उपयोग होतो. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय असून ओव्यांची संख्या सुमारे नऊ हजार आहे. चातुर्मासाचे सुमारे १२० दिवस धरल्यास रोज ७५ ओव्या वाचून ती पूर्ण होते. एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे आणि शेवटी पाच मिनिटे त्यावर बोलावे. मोठ्याने वाचल्यामुळे श्वासाला व आवाजालाही व्यायाम होतो. ज्यांना पोथीची आवड नसेल त्यांनी गावच्या वाचनालयातून कथा, कादंबरी, प्रवासवर्णन आणावे. वाचता येत नसल्यास मुलांनी वर्तमानपत्र वाचून दाखवावे. मुलांचे वाचन सुधारते आणि आजोबांना जगाची बातमी कळते.

जात्यावरच्या ओव्या हा आपल्या आजींकडील मोठा ठेवा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. गिरणी आल्यावर जाते कोपऱ्यात गेले आणि ओव्या केवळ म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीत उरल्या. आपल्या घरातील ओव्या नातीने वहीत लिहून घ्याव्यात किंवा मोबाईलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. गाताना आजीला एकेक ओवी आठवत जाते आणि विसरलेली माणसेही आठवतात.

आजोबांच्या आठवणींची वहीही अशीच करावी. कोणत्या कुणग्याला काय नाव होते, वालय, सोरटी, पटणी यांसारखी भाताची जुनी वाणे कोणत्या जमिनीत घेत, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरत असे, पूर आला तेव्हा पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले होते, हे सर्व लिहून घ्यावे. ही माहिती नुसती गंमत म्हणून नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण परिसरात आलेल्या पुराने जुन्या पातळ्यांची आठवण ठेवणे किती गरजेचे आहे ते दाखवून दिले. जुन्या वाणाचे बी घरात असेल, तर ‘पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१’ अन्वये शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी करता येते. त्या वेळी वाणाचा इतिहास सांगणारे घरातील वृद्धच असतात.

५. पावसाची वही

वृद्धांना मनापासून आवडणारा आणि शेतीलाही उपयोगी पडणारा हा छंद आहे. तोंड आणि तळ सारख्याच रुंदीचा, सरळ भिंतीचा, पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. कोकणात एका दिवसात २०० मि.मी. पाऊस सहज पडत असल्याने डबा निदान ३० सें.मी. उंच असावा. तो झाडे व पागोळ्या यांपासून दूर, मोकळ्या जागी, समपातळीत आणि वाऱ्याने पडणार नाही असा बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता डब्यातील पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावी व डबा रिकामा करावा. हवामान खात्याची २४ तासांची नोंदही साडेआठलाच घेतली जाते. डबा आणण्यासाठी वृद्धांनी ओल्या अंगणात जाऊ नये. नातवाने डबा आणावा आणि आजोबांनी मोजावे.

हवामान खात्याच्या वर्गवारीनुसार २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मि.मी. पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ मि.मी. म्हणजे अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस होय. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला होता. आपल्या डब्यातील आकडा या आकड्यांशी ताडून पाहण्यात मोठी गोडी वाटते.

एक मि.मी. पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. यावरून एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर व एका एकरावर सुमारे ४,०४७ लिटर पाणी होते. ५० चौरस मीटरच्या छपरावर २५ मि.मी. पाऊस पडला तर १,२५० लिटर पाणी पागोळ्यांतून वाहून जाते. असे हिशेब आजोबांनी नातवंडांना घालावेत. वहीत नक्षत्र, वारा, ओढ्याचे पाणी, लावणी सुरू झाल्याची तारीख, सुपारीवर बोर्डो मिश्रणाची फवारणी केल्याची तारीख यांचीही नोंद ठेवावी. पीक विम्यासाठी ही वही पुरावा म्हणून चालत नाही. तिथे शासकीय नोंदच ग्राह्य धरतात. पण चार-पाच वर्षांच्या नोंदी जमल्या की आपल्याच शेतावर पाऊस कसा पडतो ते कळते आणि घरातील सर्वजण सकाळी पहिला प्रश्न आजोबांना विचारू लागतात.

६. आकाशवाणी आणि मोबाईल

सेलवर चालणारा रेडिओ पावसाळ्यात घरात असावाच. वीज गेली तरी बातम्या, हवामान, शेतीविषयक कार्यक्रम आणि गाणी ऐकता येतात. हाताने काम करीत ऐकता येते हा त्याचा मोठा गुण आहे.

मोबाईलवर अक्षरे मोठी करून द्यावीत. मुंबईला असलेल्या मुलाने ठरावीक वारी, ठरावीक वेळी चेहरा दिसेल असा फोन करावा. वेळ ठरलेली असल्यास वृद्धांचा दिवस त्या वाटेकडे डोळे लावून आनंदात जातो. मात्र बँकेचा माणूस किंवा पोलीस असल्याचे सांगून कोणी सांकेतिक क्रमांक अथवा ओटीपी विचारल्यास तो सांगू नये, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

अडचणीनुसार फेरबदल

कमी दिसत असल्यास : पट पांढऱ्या पुठ्ठ्यावर जाड काळ्या रेघांनी आखावा. सोंगट्यांत ठळक फरक असावा. मोतिबिंदूची तपासणी पावसाळ्यापूर्वीच करून घ्यावी.

कमी ऐकू येत असल्यास : समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. कानाशी ओरडू नये. नवकंकरीसारखे न बोलता खेळता येणारे खेळ निवडावेत.

हात थरथरत असल्यास : चिंचोक्यांऐवजी सुपाऱ्या किंवा बाटल्यांची झाकणे सोंगट्या म्हणून घ्यावीत. फासे वाटीतून टाकावेत.

अंथरुणाला खिळल्यास : खाट खिडकीजवळ घ्यावी. ओव्या, पोथी, रेडिओ, पावसाची वही यांत त्यांना सामील करून घ्यावे. आकडा वाचणारा दुसरा असला तरी वहीचे मालक तेच असावेत.

विसरभोळेपणा वाढला असल्यास : नवे नियम शिकवू नयेत. पूर्वीपासून हाताला सवय असलेले काम द्यावे. चूक दाखवून देऊ नये.

लावणीच्या दिवसांतील नमुना दिनक्रम

सकाळी ७ : हालचालीचे प्रकार, घरातल्या घरात फेऱ्या
सकाळी ८.३० : पाऊस मोजणे व वहीत नोंद
सकाळी ९.३० ते ११ : हातकाम, सोबत रेडिओ
दुपारी : जेवण व थोडी विश्रांती (दुपारची झोप लांबल्यास रात्री झोप येत नाही)
दुपारी ३ ते ४.३० : शेजारच्या वृद्धांसह पत्ते किंवा पटाचा खेळ
संध्याकाळी ५ : मुले शाळेतून आल्यावर वाचन, हिशेब, गोष्टी
संध्याकाळी ७ : हालचालीचे प्रकार, पोथी किंवा भजन

हा दिनक्रम सोयीप्रमाणे बदलावा. तो पाळलाच पाहिजे असे नाही. परंतु दिवसाला काही आकार असला की वेळ खायला उठत नाही.

एकट्या वृद्धांसाठी वाडीने काय करावे?

ज्यांची मुले परगावी आहेत अशी वृद्ध जोडपी किंवा एकटी माणसे प्रत्येक वाडीत आहेत. त्यांच्यासाठी वाडीतील एका सोयीच्या घराच्या पडवीत आठवड्यातून दोन दुपारी बैठक भरवावी. महिला बचत गट किंवा भजनी मंडळाने यात पुढाकार घ्यावा. प्रत्येक घराने आळीपाळीने चहा द्यावा. येताना-जाताना एका तरुणाने हात धरून सोबत करावी. विजा चमकत असताना बैठक रद्द करावी. बैठकीला कोणी आले नाही, तर त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी. बैठकीचा हा सर्वांत मोठा फायदा आहे. एखादे माणूस घरात पडून राहिले तर ते दोन दिवसांनी कळण्याऐवजी दोन तासांत कळते.

केव्हा सावध व्हावे?

आवडता खेळही नकोसा होणे, जेवण तुटणे, रात्र रात्र झोप न लागणे, “आता माझा काय उपयोग” असे वारंवार म्हणणे, ही लक्षणे दोन आठवडे टिकल्यास केवळ म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. हा मनाचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवावे. मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या मदतीसाठी १४५६७ हे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत. ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

शेतकरी बंधू-भगिनींनो, वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना चिंचोके, खडू, एक डबा, एक वही आणि जुनी लुगडी यांपलीकडे काही लागत नाही. लागतो तो आपला थोडा वेळ. लावणीवरून दमून आल्यावर हातपाय धुऊन दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसा, आज किती पाऊस झाला ते विचारा आणि एक डाव खेळा. ज्यांनी आपल्याला चिखलात उभे राहून रोप कसे धरावे ते शिकविले, त्यांचा पावसाळा कोरडा जाऊ नये याची काळजी आपणच घ्यायला हवी. येत्या मृगापूर्वी, पेंढा भरून झाला की, ही बेगमीही करून ठेवा.